रफू केलेला निरोप

दुपारचे तीन वाजायला आले की आजऱ्यातली देसायांची गिरणी बंद व्हायची. बिघाड वगैरे काही नाही, मालकीणच बंद करायची. रांगेत कुणाचंही दळण असो, अगदी सरपंचांच्या घरचं असो, चारुशीला देसाई खटका ओढायची, पदराला हात पुसायची आणि माडीवर निघायची. मोटार चालू असली की रेडिओत नुसती खरखर भरते, त्याला ती तरी काय करणार? गिऱ्हाइकांना आता सवय झाली होती. "वैनी बोलायला गेल्या," एवढं एकमेकींना सांगून बायका डब्यांवर बसून राहायच्या आणि गप्पांची दुसरी गिरणी चालू करायच्या.

माडीवर खिडकीशी चारूचा रेडिओ होता. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच. परवाना सरकारचा, परीक्षा सरकारची, खर्च मात्र स्वतःचा. दोन हजार सदतीस सालच्या पुरात तालुका आठवडाभर मुका झाला होता. टॉवर आडवे, रस्ते तुटलेले, आणि कोल्हापूरहून आलेल्या दोघा हौशी लोकांनी झाडाला बांधलेल्या एका तारेच्या जोरावर औषधं मागवली, होड्या बोलावल्या. पाणी ओसरल्यावर आजऱ्यात क्लब निघाला. पहिल्या तुकडीत परीक्षेला बसलेल्यांत चारू होती आणि तिची नणंदही होती. नणंदेला चार मार्क जास्त पडले. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस तालुक्यात सापडणं कठीण, कारण नणंदबाई ती स्वतः सांगत हिंडल्या होत्या.

या नणंदबाई म्हणजे भारती सावंत, सगळ्यांच्या आक्का. चारूच्या नवऱ्याची थोरली बहीण. वर डोंगरात हातळवाडी नावाची वस्ती आहे, तिथल्या शाळेत त्या बाई होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, तरी वाडी काही सुटली नाही. फोन आता थेट उपग्रहाशी बोलतात, ते खरं. पण हातळवाडी अशी खोलगट जागी, अशा गच्च झाडीत बसली आहे, की पावसाळ्यात तिथून उपग्रहालाही हाक पोचायची नाही. पोचायची ती आक्कांच्या रेडिओची तार. घरामागच्या फणसापासून शाळेच्या कौलांपर्यंत त्यांनी ती ताणली होती.

रोज तीनला चारू हजेरी घ्यायची. एकेका गावच्या रेडिओ ठाण्याला हाक मारायची आणि ज्यानं त्यानं आपली खबर द्यायची. सगळं बोलून नव्हे, लिहून. पावसात आवाज फाटतो, म्हणून संगणक अक्षरांचे सूर करतो आणि तेच सूर ठरल्या ठेक्यात पुन्हा पुन्हा पाठवतो. जत्रेच्या कालव्यात कुणी एकदा हाक मारली तर ऐकू येत नाही, पण तीच हाक त्याच ठेक्यात दहादा आली तर कान ती बरोबर वेचून काढतो, तसलंच हे. माणसाच्या कानाला नुसती खरखर ऐकू यायची आणि त्या खरखरीतून पडद्यावर अक्षरं उमटायची. आक्कांची खबर ठरलेली असायची. "सर्व ठीक. पाऊस मध्यम. चारू, जेवलीस का?"

तरी घोर पावसात अक्षरं गळायचीच. शब्दांना भोकं पडायची. मग "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" करत हजेरी तासभर लांबायची आणि खाली गिऱ्हाइकांचा आरडाओरडा व्हायचा. यावर तोड काढली ती चारूच्या लेकीनं. केतकी पुण्याला शिकली, नोकरी घरूनच करायची, आणि तिचं डोकं असल्या गोष्टींत फार चालायचं. तिनं एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं रफू.

कल्पना साधी होती. प्रत्येक माणसाची बोलायची एक ढब असते. तुमची दोन वर्षांची बोलणी रफूनं वाचली, की त्याला तुमच्या तोंडातला पुढचा शब्द कळायला लागतो. मग निरोपाची चार अक्षरं आली आणि बाकीची गळाली, तरी रफू तुमची ढब पाहून भोकं बुजवायचा, आणि अशी बुजवायचा की कुठे फाटलं होतं ते हुडकूनही सापडू नये. हजेरी दहा मिनिटांवर आली. क्लबातले लोक केतकीला डोक्यावर घ्यायचे बाकी राहिले. तहसील कचेरीनं आपत्तीच्या खोलीतला मोठा पडदा रफूला जोडून घेतला. ज्या गावाची खबर ठीक, त्याचा ठिपका हिरवा, अडचण असली की लाल. सोमवारी जिल्ह्याचे अधिकारी बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर रफू पाच जिल्ह्यांत बसणार होता. चारूला लेकीचं इतकं कौतुक, की पीठ मोजतानासुद्धा तिचा विषय निघायचा.

आता भांडणाचं सांगायला हवं.

केतकीचा साखरपुडा ठरला. चारूच्या मागे हजार कामं. तिनं काय केलं, तीनच्या हजेरीला सगळ्यांना एकदमच कळवून टाकलं. "रविवारी केतकीचा साखरपुडा. सगळ्यांनी यायचं." त्या सगळ्यांत आक्काही आल्या! मुलीची सख्खी आत्या, घरातली थोरली लेक. तिला घरी जाऊन, कुंकू लावून बोलवायचं, ते राहिलं बाजूला आणि हिनं तिला क्लबाच्या पंगतीला बसवलं. आक्का आल्या. नटून आल्या, जेवल्या, जावयाला पाकीट दिलं. आणि ओटी भरायला चारू पुढे आली तशा उठून चपला घालायला लागल्या.

"रेडिओवर भर माझी ओटी," त्या म्हणाल्या. "आणि आजपासून तुझं माझं बोलणं बंद."

चारूचा नवरा सतीश या दोघींच्या मध्ये कधी पडायचा नाही. तो गुपचूप आइस्क्रीम वाटायला निघून गेला.

आक्कांचा अबोला म्हणजे साधी गोष्ट नव्हे. एकदा लोणच्याच्या बरणीवरून तो अख्खा पावसाळा टिकला होता. हजेरी मात्र त्या चुकवत नसत. कर्तव्य ते कर्तव्य. पण साखरपुड्यानंतर त्यांची खबर येई ती एवढीच, "सर्व ठीक." पुढे काही नाही. चारूचं नाव तर नाहीच. चारू ते दोन शब्द बघायची आणि मुकाट पुढच्या ठाण्याला हाक मारायची. लग्नाला जेमतेम महिना उरला होता आणि आत्या अशी रुसलेली. बोलावणं करायला हातळवाडीला जावं म्हटलं, तर पावसानं घाट धरला. चार दिवस नुसती धार लागली होती.

त्या दिवशी तर आभाळ फाटलं. हिरण्यकेशी नदी पुलाला लागली, सतीश गडहिंग्लजला अडकला, गिरणीत चिटपाखरू नव्हतं. तीनला चारूनं हजेरी सुरू केली. केतकी शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. नदीकाठच्या मळेवाडीची खबर आली ती पाणी अंगणात शिरल्याची. तिचा ठिपका लाल झाला. बाकीची ठाणी एकामागून एक हिरवी होत गेली. मग हातळवाडीची पाळी आली. बराच वेळ पडदा कोरा राहिला. आणि एकदम अक्षरं उमटली.

"सर्व ठीक. पाऊस जोरात. चारू, जेवलीस का?"

चारूनं ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. "केतकी! अगं, आत्या बोलली! बोलली बघ माझ्याशी!"

"बघू? अरे वा!" केतकी हसली. "सुटलीस बाई एकदाची."

चारूला काय करू नि काय नको असं झालं. डोळे पुसत ती खाली आली. रवा काढला, तूप काढलं. आक्कांना रव्याचे लाडू आवडतात, घाट उघडला की पहिल्या गाडीनं डबा घेऊन जायचं, कुंकू लावायचं, पाया पडायचं आणि लग्नाचं पहिलं बोलावणं करायचं. रव्याचा खमंग वास सुटला. चारू स्वतःशीच गुणगुणायला लागली. गेले कित्येक दिवस छातीवर धोंडा होता तो कुणीतरी उचलून नेला होता.

रवा तांबूस होत आला आणि तिचा हात थांबला.

आक्का? आपण होऊन? लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून आजवर आक्कांनी आपण होऊन अबोला सोडला, असं एकदा तरी झालं होतं का? लोणच्याच्या वेळी चारूच वाडीवर गेली होती, तेव्हा कुठे बाईसाहेब "बस" म्हणाल्या होत्या. आणि आज, घाट बंद, कुणी गेलं नाही, कुणी माफी मागितली नाही, आणि जेवलीस का? तेही काही झालंच नाही अशा थाटात?

आपल्याला हवं होतं तेच नेमकं आलं, याचंच तिला भय वाटलं. तिनं गॅस बंद केला आणि दोन दोन पायऱ्या चढत माडीवर गेली.

"केतकी, आत्याचा निरोप किती आला होता गं? खराखुरा किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या रफूनं घातलेलं सोडून."

केतकीनं मान वर केली. "आई, रफूची खात्री सत्त्याण्णव टक्के दिसत होती. एवढी तर मळेवाडीलाही नव्हती."

"मला टक्के नको सांगू. आलेलं काढून दाखव."

"अगं, आता कशाला? सोमवारची तयारी चाललीय माझी."

"काढ म्हणते ना!"

आईचा असा आवाज केतकीनं क्वचितच ऐकला होता. तिनं दोन-तीन खिडक्या उघडल्या. रफूच्या हाती कच्चा माल म्हणून जे आलं होतं ते पडद्यावर आलं. आक्कांची कॉल साइन, म्हणजे त्यांच्या ठाण्याची खूण. मग कितीतरी मोकळी जागा. मग "सर्व". पुन्हा मोकळी जागा, लांबच लांब. मग "चारू". पुन्हा मोकळी जागा.

बस्स. बाकी सगळं रफूचं.

केतकीचा चेहरा पडला. "सर्व म्हटलं की आत्या पुढे ठीकच म्हणते. दोन वर्षं रोज. आणि चारू म्हटलं की जेवलीस का. म्हणून त्याला एवढी खात्री," ती हळूच म्हणाली. "पण आई, याचा अर्थ चुकलंच असेल असंही नाही. तिनं तेच लिहिलं असेल. तिचा राग गेलाही असेल."

चारू खाली बसली. एक मन म्हणत होतं, असेल, तसंच असेल. मग दुसऱ्या मनानं तिला गदागदा हलवलं.

"केतकी, माझं नाव खरंच आलंय? ते रफूचं नाही?"

"नाही. ते आलंय. स्वच्छ आलंय."

"मग काहीतरी भयंकर झालंय बघ. अबोल्यात जीव गेला तरी आक्का माझं नाव घ्यायच्या नाहीत. त्यांनी माझ्या नावानं हाक मारलीय म्हणजे त्यांच्यावर आभाळ कोसळलंय."

तिनं तहसीलचा फोन लावला. आपत्तीच्या खोलीत त्या दिवशी नायब तहसीलदार खोराटे बसले होते. माणूस भला, पण सकाळपासून त्यांना पाणी प्यायला उसंत नव्हती.

"वैनी, हातळवाडी हिरवी आहे माझ्याकडे. माझं दोरवालं पथक एकच आहे, ते मळेवाडीला निघालंय. पाणी अंगणात आलंय तिथे."

"माणसं कुठेत मळेवाडीची?"

"गच्च्यांवर आहेत. सुखरूप आहेत, पण पाणी चढतंय."

"साहेब, पथक हातळवाडीला फिरवा."

"कशाच्या जोरावर फिरवू? तुमच्याच पडद्यावर सर्व ठीक लिहिलंय."

"माझी नणंद माझ्याशी बोलत नाही, साहेब!"

चारूला वाटलं, आता फोन ठेवणार हा माणूस.

"कधीपासून?" खोराट्यांनी विचारलं.

"केतकीच्या साखरपुड्यापासून. आणि आज निरोपात माझं नाव घातलंय त्यांनी. तेवढंच आलंय, बाकीचं यंत्रानं घातलं."

"नाव घेतलं?" खोराटे एकत्र कुटुंबात वाढलेले होते, तीन आत्यांच्या घरात. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. पण ते सरकारी माणूस होते आणि गच्च्यांवर पोरंबाळं होती. "केतकी मॅडम आहेत का तिथे? त्यांना द्या. मॅडम, यंत्र तुमचं आहे. ते सत्त्याण्णव टक्के म्हणतंय. मी तुमचं ऐकतो. काय करू?"

केतकीनं फोन कानाला लावला. समोरच्या भिंतीवर सोमवारच्या भेटीची तारीख चिकटवलेली होती. दोन वर्षं तिनं रात्रीचा दिवस केला होता. तिनं आईकडे पाहिलं.

"साहेब, रफूनं हातळवाडीहून ठीक असं ऐकलेलंच नाही," ती म्हणाली. "त्यानं ते मनानं लिहिलंय. चूक माझी आहे, मला फाटलेलं दाखवायला हवं होतं. तो हिरवा ठिपका काढून टाका. पथक फिरवा."

"फिरवतो," खोराटे म्हणाले. "मळेवाडीला गावातल्या नावाड्यांना धाडतो. तुम्ही बाईंना धरून ठेवा."

धरून ठेवायचं म्हणजे काय, ते चारूला पक्कं ठाऊक होतं. रेडिओला एक जुनी रीत होती, फार सावकाश. एकेका अक्षराला इतका वेळ द्यायचा की माणसाचा जीव वर यावा, पण त्यात मुंगीएवढी हाकही खरखरीतून वर येते. रफू आला तेव्हापासून कुणी ती वापरली नव्हती. केतकीनं रफू बंद केला. चारूनं सावकाश रीत लावली आणि लिहिलं, "आक्का, पुन्हा सांगा."

वाट बघितली. पुन्हा लिहिलं. पावसाचा आवाज पत्र्यावर असा चालला होता की बोललेलं ऐकू येईना. चारूनं मनात रवळनाथाला हात जोडले. आणि मग पडद्यावर एक अक्षर उमटलं. द. मग काही नाही. मग ड.

"दरड," दोघी एकदमच म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास मायलेकी खांद्याला खांदा लावून बसल्या आणि भोकं पडलेले शब्द मोठ्यानं वाचत राहिल्या. शा, मग रिकामं, मग त. शाळेत! एखादं कळलं नाही की चारू विचारायची, पुन्हा सांगा. पुन्हा सांगा. एकदा केतकी उतावळी होऊन म्हणाली, "भिंत पडली असणार." चारूनं तिला गप्प केलं. "असणार नको. येऊ दे." आणि आलं ते वेगळंच होतं. भिंत अजून पडली नव्हती, फुगली होती.

सगळं जुळलं तेव्हा निरोप असा होता. वाडीवर दरड आली. सर्व शाळेत आहेत. ओढा भरला, वाट बंद. डोंगराकडची भिंत फुगली आहे. म्हातारी माणसं उचलून न्यावी लागतील. चारू, माणसं पाठव.

चारूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बोटं चालत होती. "माणसं निघाली, आक्का. दोर घेऊन येतायत. सगळ्यांना फुगलेल्या भिंतीपासून लांब, ओढ्याकडच्या बाजूला बसवा." उत्तर यायला बराच वेळ लागला. एकच शब्द आला, "बसवले." त्यानंतर पडदा कोरा राहिला. आक्कांची बॅटरी संपली होती.

त्यानंतरचे दोन तास चारूनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. सहा वाजून गेल्यावर खोराट्यांचा फोन आला. पथकानं ओढ्यावर दोर टाकला होता, म्हाताऱ्यांना पाठुंगळी, पोरांना कडेवर घेऊन सगळी वाडी पलीकडे देवळाच्या कातळावर आणली होती. शेवटचा माणूस ओढा उतरून जरा वेळ होतो न होतो तोच शाळेची भिंत गेली, वर कौलं गेली. आत कुणी नव्हतं.

"सगळ्यांत शेवटी कोण उतरलं, ठाऊक आहे?" खोराटे म्हणाले. "तुमच्या नणंदबाई. माझ्या पोरांना आधी दोर नीट बांधायला शिकवत होत्या." चारू हसता हसता रडायला लागली. मळेवाडीची माणसंही नावाड्यांनी गच्च्यांवरून सुखरूप आणली होती.

वाडीच्या लोकांची सोय आजऱ्याच्या हायस्कुलात केली होती. आक्का मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून देसायांच्या दारात उतरल्या. तार फणसाच्या फांदीबरोबर खाली आली तेव्हा कपाळाला खोक पडली होती, तिच्यावर पट्टी होती. तसल्या चिखलात पडलेल्या तारेवरून त्यांनी तो निरोप पाठवला होता. चारू धावत पुढे झाली, पाया पडली. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होत्या केतकीकडे.

"केतकी," त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मला आंघोळीला गरम पाणी हवंय."

केतकी तोंडाचा आ करून उभी राहिली. "आत्या! अजून?"

"अजून म्हणजे? मिटलंय कुठे?"

"अगं, पण काल रेडिओवर आईचं नाव घेतलंस ना तू!"

"काल माझ्यामागे सगळी वाडी होती. वाडीसाठी मी कुणाचंही नाव घेईन." आक्कांनी पट्टी चाचपली. "आज मी माझी एकटी आलेय. राग माझा आहे, तो मी वाडीच्या खात्यात कशाला घालू?"

केतकी हसू दाबत पाणी तापवायला गेली.

नंतर आक्का ओट्याशी पाटावर टेकल्या तेव्हा केतकीनं लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे धरला. तिनं रात्रीत रफूची घडण बदलली होती. आता ऐकलेली अक्षरं काळी यायची आणि जिथे ऐकू आलं नाही तिथे नुसतं भोक. आपण होऊन एक अक्षर घालायचं नाही. तुम्ही मागितलंत तरच तो अंदाज सांगणार, तोही लाल रंगात आणि खाली वेगळा. हिरवा ठिपका फक्त ऐकलेल्या शब्दांवर.

"अधिकाऱ्यांना हे आवडायचं नाही," केतकी म्हणाली. "हजेरी पुन्हा लांबणार. मी सकाळी फोन करून काल काय झालं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, वर्षभर थांबू, मग बघू."

"वाईट वाटतंय का?" आक्कांनी विचारलं.

केतकीनं थोडा विचार केला. "काल रात्री वाटत होतं. सकाळी तुला जीपमधून उतरताना पाहिलं, तेव्हापासून नाही."

"शहाणी आहेस. माझ्या वळणावर गेलीस," आक्का म्हणाल्या आणि चारूकडे न बघता पुढे म्हणाल्या, "परीक्षेत चार मार्क कुणाला जास्त होते ते ठाऊक आहे ना?"

चारू चुलीपुढे होती. पाऊस आला की गॅस बाजूला ठेवून भाकरी चुलीवर करायची तिची पद्धत. तिनं ते ऐकलं आणि भाकरी थापता थापता तिचं मन भरून आलं. काल ऐन दुपारी पडद्यावर गोड गोड शब्द आले होते आणि ती त्यांना भुलून रवा भाजत बसली होती. तेवढ्या वेळात तिकडे भिंत फुगत होती. आज शब्द एकही नव्हता आणि माणूस पाटावर बसलं होतं, ओल्या केसांचं, रागावलेलं, धडधाकट. आक्का कधी बोलायच्या तेव्हा बोलोत. लग्नाला महिना आहे. कुंकू लावून, पाया पडून, रोज दोनदा बोलावणं करू, आणि नाही बोलल्या तरी लग्नात पहिल्या ओळीत बसवू. चारूला कसलीच घाई नव्हती.

तिनं ताट वाढलं. भाकरी, पिठलं, घनसाळ तांदळाचा भात, वर तुपाची धार. आक्का मान खाली घालून जेवायला लागल्या. दोन दिवसांचा उपास असावा तशा जेवत होत्या.

"केतकी, तुझ्या आईला सांग, पिठल्यात मीठ कमी आहे."

"आई, मीठ कमी आहे म्हणे."

"ऐकलं मी," चारू म्हणाली. तिनं मीठ नेऊन ताटाच्या कडेला वाढलं. आक्कांनी ते कालवलं, चव घेतली. मग भाकरीचा शेवटचा घास तोंडात टाकून, वर न बघता, एक शब्द न बोलता, त्यांनी ताट चारूच्या बाजूला सरकवलं.

चारूनं तव्यावरची गरम भाकरी त्यात वाढली आणि पुढचीसाठी पीठ मळायला घेतलं.